दोनशेपैकी एक्कावन्न

चंद्रावर चाललेल्या बारा माणसांपैकी मला सगळ्यात जवळचा वाटतो तो सहावा, एडगर मिचेल. पहिल्याचं नाव सगळ्यांना पाठ, शेवटच्याचं प्रश्नमंजुषावाल्यांना. सहाव्याकडे सहसा कोणी बघत नाही. पण या माणसाने १९७१ साली अपोलो १४ मधून जाता-येता एक उद्योग केला, जो नासाच्या कुठल्याही वेळापत्रकात नव्हता. त्याच यानातल्या ॲलन शेपर्ड आणि स्टुअर्ट रूसा यांनाही त्याने त्याचा पत्ता लागू दिला नव्हता. झोपायच्या वेळात, बाकी दोघं आडवे झाले की, तो कागद काढून बसायचा. कागदावर एक ते पाच आकडे, कसलाही क्रम नसलेले. प्रत्येक आकड्याला एक आकार नेमलेला: वर्तुळ, चौकोन, फुली, तारा आणि नागमोडी रेघा. आकार मनात आणायचा, काही सेकंद चित्त त्याच्यावर ठेवायचं, मग पुढचा. आणि तिकडे पृथ्वीवर चार माणसांनी ठरल्या वेळी बसून तो 'पकडायचा'.

हे आकार त्याने शोधलेले नव्हते. कार्ल झेनर नावाच्या मानसशास्त्रज्ञाने ते ड्यूक विद्यापीठात जे. बी. ऱ्हाइनसाठी तयार केले होते. पाच आकार, प्रत्येकाची पाच पानं, एकूण पंचवीस पानांचा जोड. १९३० च्या दशकात ऱ्हाइनने कित्येक लोकांना ही पानं न दाखवता ओळखायला लावली. अतींद्रिय शक्ती मोजता येते, तिचे तक्ते करता येतात, हे त्याचं म्हणणं होतं. त्याचे आकडे पुढे इतरांच्या प्रयोगशाळेत फारसे टिकले नाहीत, पण पानं मात्र जगभर पोचली.

मिचेलला भोंदू म्हणून निकालात काढता येत नाही, आणि म्हणूनच तो मला सोडवत नाही. नौदलाचा वैमानिक, एमआयटीतून अंतराळशास्त्रातली डॉक्टरेट. एक आणे शंका आणि पंधरा आणे गणित असा हा माणूस. त्याने ठरवलेल्या सहा बैठकांपैकी चारच झाल्या. शिवाय हवामानामुळे उड्डाणालाच चाळीस मिनिटं उशीर झाला होता. खालच्या चौघांनी मात्र ठरलेलं घड्याळ धरलं. त्यामुळे त्यांचे काही आकार मिचेलने ते मनात आणण्याआधीच लिहून झाले होते! तुमच्या-माझ्यासारख्याने इथेच वही मिटली असती. या विषयातल्या मंडळींचं तसं नसतं. आधी उत्तर आलं तर त्याला दूरसंवेदन (टेलिपथी) न म्हणता भविष्यज्ञान म्हणायचं, बस. कुठल्याही निकालाला इथे एक नाव तयार असतं.

आता निकाल. २०० आकारांपैकी नुसत्या अंदाजाने ४० बरोबर यावेत, पाचात एक या हिशोबाने. चौघांपैकी दोघांचे ५१ बरोबर आले. उरलेल्या दोघांची कामगिरी याहून कमी होती. मी हे गणित स्वतः मांडून पाहिलं. एका माणसाने डोळे मिटून २०० वेळा ठोकताळे बांधले, तर ५१ किंवा त्याहून जास्त बरोबर येण्याची शक्यता साधारण तिसात एक. म्हणजे दुर्मीळ, पण पत्त्यांच्या अड्ड्यावर बसणाऱ्याला रोज दिसेल इतपतच दुर्मीळ. मिचेल स्वतःही हा निकाल माफक महत्त्वाचाच आहे असं म्हणाला, हे त्याच्या बाजूने सांगायला हवं. त्याच वर्षी तो परामानसशास्त्राच्या नियतकालिकात रीतसर छापूनही आला.

आपल्याकडे २००८ साली पुण्यात जयंत नारळीकर, नरेंद्र दाभोलकर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ज्योतिषांची परीक्षा घेतली, तिथेही योगायोगाने पत्रिका २००च होत्या. शंभर हुशार मुलांच्या, शंभर मतिमंद मुलांच्या. पत्रिकेवरून कोण कुठल्या गटातला ते सांगायचं. नाणं उडवलं असतं तरी फार वेगळा निकाल लागला नसता. पण या परीक्षेत मला खरं कौतुक वाटतं ते आधी ठरवलेल्या नियमांचं: किती पत्रिका, बरोबर कशाला म्हणायचं, यशाची रेघ कुठे ओढायची, हे निकाल लागण्याआधी कागदावर होतं. चाळीस मिनिटांची गडबड झाली तर काय, याचं उत्तर मिचेलकडे आधी लिहिलेलं नव्हतं.

पण मुळात त्याला हे करावंसं का वाटलं असेल?

मनाच्या बळावर परग्रहांवर जाऊन येणाऱ्यांची परंपरा रॉकेटपेक्षा कितीतरी जुनी आहे. स्वीडनचा इमॅन्युएल स्वीडनबॉर्ग हा खाणींचा जाणकार, चांगला शास्त्रज्ञ. उतारवयात तो आत्म्यांशी बोलू लागला आणि १७५८ साली त्याने चंद्र, बुध, शुक्र, मंगळ, गुरू, शनी इथल्या रहिवाशांची वर्णनं छापली. चंद्रावर हवा विरळ म्हणून तिथले लोक पोटातून बोलतात, अशी बारीकसारीक माहितीसुद्धा. मात्र शनीच्या पुढे तो गेला नाही. युरेनस सापडला १७८१ साली, नेपच्यून १८४६ साली. त्या आत्म्यांनाही शनीपर्यंतचेच ग्रह ठाऊक होते, स्वीडनबॉर्गला होते तेवढेच.

जिनिव्हातली हेलेन स्मिथ याहून रंगतदार. दुकानात नोकरी करणारी बाई, समाधीत गेली की मंगळावर जायची, तिथली भाषा बोलायची, लिपी लिहायची. तेओदोर फ्लुर्न्वा या मानसशास्त्रज्ञाने तिचा काही वर्षं अभ्यास केला आणि १९०० साली पुस्तक काढलं. मंगळाची ती भाषा शब्दांनी अनोळखी, पण वाक्यरचनेत ओळीने फ्रेंच निघाली. मंगळाइतकंच तिचं दुसरं माहेर होतं हिंदुस्थान! पूर्वजन्मी ती म्हणे कानडा मुलखातल्या शिवरुक नायकाची राणी होती, आणि त्याने १४०१ साली चंद्रगिरीचा किल्ला बांधला होता. तिचं 'संस्कृत' तपासायला बसले ते खुद्द फर्डिनां द सोस्यूर, ज्यांचं नाव पुढे आधुनिक भाषाशास्त्राचा पाया म्हणून घेतलं जाऊ लागलं. त्यांना ते धड संस्कृतही वाटेना आणि निव्वळ बडबडही वाटेना. शेवटी फ्लुर्न्वाला एका जुन्या फ्रेंच इतिहासग्रंथात तो राजा, तो किल्ला आणि ते साल सापडलं. बाईने कधीतरी ते वाचलं असणार किंवा कानावरून गेलं असणार, आणि ती विसरून गेली असणार. तिला लबाड म्हणवत नाही मला. दिवसभर गल्ल्यामागे उभी राहणारी मुलगी रात्री मंगळावर जाते आणि कानडा मुलखात राणी होते, यात फसवणूक कमी आणि अडकलेपण जास्त आहे.

अमेरिकेत हाच खेळ सरकारी पैशाने झाला. २७ एप्रिल १९७३ रोजी कॅलिफोर्नियातल्या एका संशोधन संस्थेत इंगो स्वान हा चित्रकार आरामात बसला आणि मनाने गुरूवर गेला. पायोनियर १० त्या डिसेंबरात गुरूजवळून जाणार होतं, त्याआधी आपण जाऊन येऊ ही कल्पना. त्याला वातावरणात उंचावर चकाकणाऱ्या स्फटिकांचे पट्टे दिसले, शनीच्या कड्यासारखे. सहा वर्षांनी, १९७९ च्या मार्चमध्ये, व्हॉयेजर १ ला खरोखरच गुरूभोवती कडं सापडलं. स्वानचे चाहते आजही तेवढंच सांगतात. पण त्याचं कडं वातावरणाला चिकटून, आतच होतं. खरं कडं ढगांपासून पन्नास हजार किलोमीटरहून अधिक उंचीवर आहे. आणि त्याच बैठकीत त्याला गुरूवर तीस हजार फुटांचे डोंगर दिसले होते. गुरूला उभं राहायला जमीनच नाही, डोंगर कशावर उभे राहणार! डोंगर वगळून कडं तेवढं लक्षात ठेवायचं, ही माणसाच्या मनाची जुनी खोड आहे.

याच कार्यक्रमाच्या पुढच्या अवतारात २२ मे १९८४ रोजी एका लष्करी 'द्रष्ट्या'ला बंद पाकीट देऊन बसवलं. पाकिटात लिहिलेलं: मंगळ ग्रह, दहा लाख वर्षांपूर्वी. त्याने पिरॅमिड पाहिले, उंच सडपातळ माणसं पाहिली, वादळांतून वाचायला आसरा घेऊन कुणाची तरी वाट पाहणारी. ही कागदपत्रं सीआयएने पुढे खुली केली, कोणीही वाचू शकतं. मी वाचली, आणि माझ्या अंगावर काटा आला हे लपवत नाही. ती मंगळाची हकिगत नसेल, पण मरू घातलेल्या घराची आहे, आणि १९८४ सालच्या, अणुयुद्धाच्या भीतीत जगणाऱ्या माणसाला ती कुठून सुचली असेल हे समजायला अतींद्रिय शक्ती लागत नाही. १९९५ साली दोन परीक्षकांनी त्या कार्यक्रमाची झडती घेतली. एकीला आकड्यांत काहीतरी दिसलं, दुसऱ्याला नाही. पण हेरगिरीच्या कामाला उपयोग काय, या प्रश्नाचं उत्तर काही सापडलं नाही आणि दुकान बंद झालं.

गंमत म्हणजे त्याच १९८४ च्या एप्रिलमध्ये आपला राकेश शर्मा सॅल्यूत ७ या सोव्हिएत अंतराळस्थानकावर योगासनं करत होता. त्यात सिद्धी वगैरे काही नव्हतं. वजनरहित अवस्थेत योगाचा शरीराला उपयोग होतो का, एवढाच साधा प्रश्न. आणि आधी अडचण आली तीही साधीच: वजनच नसेल तर आसनाला ताण कशाचा? म्हणून पट्ट्यांनी बांधून घ्यावं लागलं. मला हा प्रयोग फार आवडतो. लोणावळ्याला १९२४ साली कैवल्यधाम काढणाऱ्या स्वामी कुवलयानंदांच्या वळणाचा आहे तो. त्यांनी योग्याला क्ष-किरणांसमोर बसवलं आणि पाहिलं की आत नेमकं काय होतं. हवेत उडतो का ते नाही पाहिलं.

हवेत उडण्याचं आपल्याकडे कमी नाही, तो भाग वेगळा. पतंजलीच्या योगसूत्रांतल्या विभूतिपादात सूर्यावर संयम केला, म्हणजे चित्त पूर्ण एकवटलं, की भुवनांचं ज्ञान होतं, चंद्रावर केला की ताऱ्यांच्या रचनेचं, ध्रुवावर केला की त्यांच्या गतीचं, आणि कापसासारखं हलकं होऊन आकाशात जाता येतं, हे सगळं ओळीने आलं आहे. ज्ञानेश्वरीच्या सहाव्या अध्यायातला योगी समुद्रापलीकडचं पाहतो, स्वर्गातली खलबतं ऐकतो, मुंगीच्या मनातलं ओळखतो. मिचेलचा सगळा प्रयोग या एका ओवीत बसावा! पण पतंजली त्याच पादात थोड्या अंतरावर सांगून टाकतो की या सिद्धी समाधीच्या वाटेतले अडथळे आहेत. आणि आपल्या गोष्टीत चांगदेव वाघावर बसून, हातात सापाचा चाबूक घेऊन येतो तेव्हा मान कुणाची राहते? चौदाशे वर्षं जगूनही त्याने पाठवलेलं पत्र कोरंच होतं, आणि ते बघून त्याची टोपी उडवते ती लहानगी मुक्ताबाई. ही पोरगी मला ऱ्हाइनच्या प्रयोगशाळेत हवी होती.

आता पुन्हा मिचेलकडे, कारण त्याच्या प्रवासातला खरा थरार त्या पाच आकारांत नव्हताच.

५ फेब्रुवारी १९७१. शेपर्ड आणि मिचेल 'अँटारेस' या चांद्रयानात, चंद्राभोवती फिरताहेत, उतरायला काही तास उरलेत. आणि संगणकाला अधूनमधून संदेश मिळू लागला की उतरणं रद्द करण्याचं बटण दाबलं गेलंय. कोणीही दाबलं नव्हतं. फलकावर बोटाने टकटक केलं की संदेश जायचा, थोड्या वेळाने परत यायचा. बटणाच्या आत डाखाचा सुटा कण तरंगत असावा असा अंदाज. उतरताना तो कण पुन्हा चिकटला असता तर संगणकाने आज्ञाधारकपणे यान उलटं वर नेलं असतं. एमआयटीच्या प्रयोगशाळेत डॉन आइल्स नावाचा सत्ताविशीतला प्रोग्रॅमर रात्री कामावर होता. त्याने दोनेक तासांत युक्ती काढली: संगणकाला खोटंच पटवायचं की रद्द करण्याचं काम आधीच चालू आहे, म्हणजे तो बटणाकडे बघणारच नाही. ही युक्ती म्हणजे आकड्यांच्या ओळी. त्या मॅसॅच्युसेट्समधून ह्यूस्टनच्या नियंत्रण केंद्राला गेल्या, ह्यूस्टनहून रेडिओवरून चंद्राकडे वाचून दाखवल्या गेल्या, आणि मिचेलने त्या एकेक करून संगणकात भरल्या. त्यातला एक आकडा चुकला तर चंद्र हुकला.

हा प्रसंग वाचताना मी थबकते. माणूस तोच, प्रवास तोच. अनोळखी आकडे, लाखो किलोमीटरचं अंतर, एका डोक्यातली गोष्ट दुसऱ्याच्या डोक्यात. इथे ५१ चालणार नव्हते, सगळेच्या सगळे बरोबर हवे होते, आणि तसे आले. आइल्सच्या डोक्यातलं मिचेलच्या बोटांपर्यंत पोचलं, कारण मध्ये कंटाळा न करता आकडे वाचणारी, परत वाचून घेणारी, खात्री करणारी माणसं होती. हे काम बघायला भव्य नाही. जॅक पार्सन्स हा रॉकेटवाला पॅसाडेनात चाचणीच्या वेळी ग्रीकांच्या पॅन देवाचं स्तोत्र म्हणायचा. मंत्रतंत्रात आकंठ बुडालेला माणूस, आणि जेट प्रॉपल्शन लॅबोरेटरीच्या संस्थापकांपैकी एक. स्तोत्राने काय झालं ते ठाऊक नाही, पण १९४२ साली त्याने घन इंधनात डांबर मिसळून बघितलं आणि ओतता येणाऱ्या घन इंधनाची वाट उघडली. चंद्राच्या पलीकडच्या बाजूला त्याच्या नावाचं विवर आहे. ते डांबराबद्दल मिळालेलं आहे.

दुसऱ्या दिवशी चंद्रावर मिचेल आणि शेपर्ड कोन नावाच्या मोठ्या विवराच्या काठाकडे निघाले. चढण, धूळ, नाडीचे ठोके वाढलेले. चंद्रावर हवा नसल्याने लांबचं धूसर दिसत नाही, झाड नाही, खांब नाही, अंतराचा अंदाज येत नाही. प्रत्येक उंचवट्यामागे दुसरा उंचवटा. शेवटी वेळ संपली आणि काठ न दिसताच ते मागे फिरले. पुढे चांद्रकक्षेतून काढलेल्या छायाचित्रांत त्यांच्या पाऊलखुणा स्पष्ट दिसल्या: काठापासून ते जेमतेम तीसएक मीटरवर होते. तीन लाख ऐंशी हजार किलोमीटरवरच्या मनांशी बोलू पाहणारा माणूस, आणि समोरचा तीन-चारशे मीटर रुंद खड्डा दिसला नाही. मला यात त्याची थट्टा करायची नाही. उलट मला इथेच तो सगळ्यात खरा वाटतो.

परतीच्या वाटेवर त्याला जे झालं त्याची परीक्षा घेण्याची मात्र मला गरज वाटत नाही. यान सावकाश स्वतःभोवती फिरत होतं, खिडकीतून आळीपाळीने पृथ्वी, चंद्र, सूर्य आणि काळ्याभोर आकाशातले तारे सरकत होते. आणि त्याला एकाएकी जाणवलं की आपल्या शरीरातले, यानातले, सोबत्यांच्या शरीरातले रेणू जुन्या ताऱ्यांत घडलेत. हे त्याला पुस्तकातून माहीत होतंच. आता ते आनंदासारखं अंगात आलं. परतल्यावर त्याने या अनुभवाला नाव शोधलं, आणि ते त्याला संस्कृतात मिळालं: सविकल्प समाधी. टेक्सासमध्ये जन्मलेला, चंद्रावर जाऊन आलेला माणूस शेवटी पतंजलीच्या दारात.

माझी त्याच्याशी तक्रार इथून पुढची आहे. १९७३ साली त्याने या विषयासाठी संस्था काढली, चमचे वाकवणाऱ्या युरी गेलरच्या चाचण्यांना पाठबळ दिलं, दुरून रोग बरे करणाऱ्यांवर विश्वास ठेवला. २०१६ साली तो गेला, चंद्रावर उतरल्याच्या पंचेचाळिसाव्या वाढदिवसाच्या आदल्या दिवशी. तोवर तो अनुभवाला शक्तीची जोड द्यायला बघत होता. जणू नुसता आनंद पुरेसा पुरावा नव्हता, त्याने काहीतरी वाकवून दाखवायला हवं होतं. ज्ञानेश्वर तो मुंगीचं मन ओळखणारा योगी ज्या सहजतेने मागे टाकून पुढे जातात, ती सहजता त्याला साधली नाही. प्रयोगशाळेत वाढलेल्याला ती अवघडच.

तरी दूरसंवेदनाची ओढ मला कळते. चंद्रावरचा संदेश यायला सव्वा सेकंद लागतो, तेवढं चालून जातं. मंगळाचं अंतर बदलतं, तिथे एका बाजूला तीन मिनिटांपासून बावीस मिनिटांपर्यंत लागतात. "कसा आहेस?" विचारून उत्तराची वाट बघायची तर पाऊण तासापर्यंत. प्रकाशाहून वेगाने काही जात नाही, म्हणून माणसं मनाकडे आशेने बघतात. ह्यूस्टनमध्ये २०२३ ते २०२४ या काळात चार स्वयंसेवक मंगळासारख्या बंद घरात ३७८ दिवस राहिले, तेव्हा त्यांच्या संदेशांनाही मुद्दाम असाच उशीर लावला होता. अशा वेळी गप्पा मारता येत नाहीत. एका संदेशात सगळं बसवावं लागतं: मी काय विचारतोय, तू काय विचारशील, आणि त्याचं उत्तर.

हे वाचून मला आमच्या काकूची आठवण झाली. काका मस्कतला होते, फोन परवडायचा नाही, पत्राला पंधरा दिवस. काकू पत्र लिहायला बसली की आधी काका काय विचारतील ते मनात मांडायची. विहिरीला पाणी किती, आईंचा खोकला, धाकट्याचं गणित, बँकेतल्या त्या कागदाचं काय झालं. सगळ्याची उत्तरं विचारण्याआधी पानावर. कधीकधी दोघांची पत्रं वाटेतच एकमेकांना ओलांडून जायची आणि त्यांच्या पत्रात तेच प्रश्न निघायचे, ज्यांची उत्तरं तिने आधीच टाकलेली असायची. शेजारच्या आजी म्हणायच्या, हिला आतून कळतं. काकू म्हणायची, कळायचंय काय त्यात, बारा वर्षं संसार केलाय.

मंगळावर माणसं पाठवताना निवड समितीने असं कुणीतरी बघावं. झेनरची पानं ओळखता आली नाहीत तरी चालेल.